सगळ्याला चालणारा गॅस

२१ एप्रिल, मंगळवार

जन्मभर पत्रंच लिहीत आले, त्यामुळे कोऱ्या वहीसमोर बसलं तरी हात आधी तब्येतींची चौकशी करतो. तर करून टाकते. आस्लाकचा नवा खुबा काय म्हणतो? खुबा झकास आहे, कुरकुर नवऱ्याची चालू आहे. ओस्नाचं मनगट? गेल्या नोव्हेंबरात धक्क्याच्या शेवाळलेल्या लाकडी शिडीवरून घसरली होती. हाड सांधलंय, पण पाऊस यायच्या आधी ठणकतं. टोरमूदचं ब्लडप्रेशर? गावमंडळाच्या सभेला वर, एरवी खाली. अध्यक्षपद सोडलं तर उतरेल, पण मग त्याने दिवसभर करायचं काय? जुन्या शाळेच्या घरात ते लिथुआनियाचं जोडपं राहतं, त्यांच्या मुलीचे कांजण्यांचे डाग? गेले म्हणे, योलिता काल दुकानात भेटली. आणि तिच्या नवऱ्याची, रिमान्तासची पाठ? पलीकडच्या जहाजकारखान्यात दिवसभर नळांखाली आडवा पडून वेल्डिंग करतो, पाठ कशी असणार! माझा डावा गुडघा? विचारू नये. शेडमधलं वेल्डिंगचं मिग मशीन? चोवीस वर्षांचं, ठणठणीत. आमच्यात तेच तरुण.

ही चौकशी उगाच नाही. शनिवारी गावाचं श्रमदान आहे, कोण किती उचलू शकेल ते पाहायला हवं. धक्क्यावर नवी शिडी आणि कठडा बसवायचाय. ओस्ना धरून आम्ही सहा बाया, बाराही महिने समुद्रात डुंबणाऱ्या. सगळ्यांत लहान बासष्टची. तीन वर्षं केक विकून स्टेनलेसचे नळ, म्हणजे पाइप, घेतलेत, खाऱ्या पाण्यात न गंजणारी जात. रिमान्तासने वेल्डिंग करायचं कबूल केलंय. मशीन माझं, गॅस माझा.

२५ एप्रिल, शनिवार

 शिडी उभी राहिली!

सकाळी नऊला अकरा जण हजर. टोरमूदने कोळंब्या आणल्या, ओस्नाने वाफलचं भिजवलेलं पीठ नि तपकिरी चीज, आस्लाकने स्वतःचा खुबा. मी मशीन आणि गॅसचा सिलिंडर हातगाडीवरून ढकलत नेला. आमच्याकडची रीतच आहे, श्रमदानाला जो जे आणील ते वापरायचं, आणलेलं कुणाचं परत पाठवायचं नाही. टोरमूदच्या आईने एकदा करपलेला केक आणला होता. तो आम्ही चवीने खाल्ला. बाई जाऊन बारा वर्षं झाली, अजून त्याची तारीफ करतो.

रिमान्तास आला, सगळ्यांना मान लववली, सिलिंडरपाशी वाकला आणि लेबल वाचायला लागला.

"यात काय आहे?" त्याने विचारलं.

"गॅस," मी म्हटलं. सगळे हसले.

"हा साध्या लोखंडाचा आहे. स्टेनलेसला दुसरा लागतो. सोमवारी मी कारखान्यात विचारून आणतो."

"सोमवारी? अरे बाबा, माणसं आज जमलीत! पीठ भिजलंय! हा सगळ्याला चालतो, वीस वर्षं चालवतेय मी."

"सगळ्याला नाही, गुनवोर."

"बरं, ॲल्युमिनियम सोडून," मी म्हटलं.

टोरमूद मागून ओरडला, "कारखान्याचे नखरे कारखान्यात ठेव रे! हे श्रमदान आहे!"

मला काय गॅस कळत नाही? वितळलेल्या धातूला हवा लागली की तो बिघडतो, म्हणून त्याच्यावर गॅसचं पांघरूण घालायचं, एवढीच तर गोष्ट. ॲल्युमिनियम नाजूक, त्याला निव्वळ आर्गॉन. दुसरं काही मिसळलं की लगेच काजळी धरतं, फोड येतात, तोंडावर सांगतं की मला हे चालायचं नाही. टोरमूदच्या होडीवर मी तो धडा घेतलाय, आणि होडीपेक्षा टोरमूदने जास्त आवाज केला होता. साधं लोखंड धटिंगण, त्याला आर्गॉनमध्ये शंभरात अठरा भाग कार्बन डायऑक्साइड हवा, तेव्हा कुठे जोड आत मुरतो. आणि स्टेनलेस? स्टेनलेसने आजवर तक्रार केलेली नाही. दुधाची बरणी, सिंकचे पाय, ओस्नाच्या स्वयंपाकघरातलं शेल्फ, सगळं याच गॅसवर.

रिमान्तासने एकदा सिलिंडरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा वाफलच्या साच्याभोवती जमलेल्या लोकांकडे. मग मुखवटा खाली ओढला. बिचारा लाजाळू आहे. नव्या माणसाला बोलायला विषय नसला की तो एकच गोष्ट दोनदा बोलतो, तसं त्याचं झालं.

पण हात काय त्याचा! जोड असे सरळ, जणू ओळ आखलीय. रंग तेवढा काळपट आला. तो ब्रशने घासत बसला, घासत बसला, शेवटी मीच म्हटलं, "पुरे रे, भांडी घासतोयस का?"

वेल्डरांचा एक नंबर असतो, पोलादी ठशाचा. कारखान्यात ज्याने जोड मारला त्याने शेजारी आपला नंबर ठोकायचा, असा नियम. रिमान्तासच्या खिशात तो ठसा नेहमी असतो. ओस्ना म्हणाली, "ठोक की इथे! शंभर वर्षांनी लोकांना कळू दे कोणी केलं." त्याने खिशावर हात ठेवला नि म्हणाला, "नको. हे काम सगळ्यांचं आहे."

किती नम्र! आमच्या टोरमूदने बाकाला चार खिळे ठोकले तरी पितळी पाटी लावली असती.

वाफल मात्र त्याने अर्धंच खाल्लं.

१७ मे

राष्ट्रीय दिन. शाळेच्या मुलांचा बँड धक्क्यापर्यंत आला, टोरमूदने फीत कापली आणि लांबलचक भाषण केलं. भाषणात कोळंब्यांचाही उल्लेख होता. आम्ही सहाही जणी पोहण्याचे पोशाख घालून, झेंडे हातात घेऊन शिडीवरून उतरलो. ओस्ना कठडा धरून रडली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला पायाखाली काय आहे याची भीती वाटली नाही.

रिमान्तास मागे उभा होता, लेकीला खांद्यावर घेऊन. पुढे बोलावलं, आला नाही.

९ ऑगस्ट

तळपायाची आग मस्तकात गेली आहे! शिडी गंजते आहे. प्रत्येक जोडाखाली तपकिरी ओघळ, जणू नळांना रडू आलंय. बोटाने पुसलं, बोट तांबडं झालं. गंजणार नाही म्हणून दुप्पट दाम मोजलेली जात, आणि फीत कापून अजून तीन महिनेही झाले नाहीत!

पोलादवाल्याने फसवलं. दुसरं काय? शहरातली दुकानं, सहा म्हाताऱ्या बघितल्या आणि गोदामातला भंगार माल गळ्यात मारला. फ्रिजवरचं चुंबक घेऊन गेले, नळाला लावून पाहिलं. चांगल्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही; इथेही चिकटलं नाही, म्हणजे जात तीच दिसते. पण म्हणून काय झालं? फसवणारे चुंबकालाही फसवत असतील.

आज त्यांना पत्र लिहिलं. चार पानं. आस्लाकने वाचून म्हटलं, "दुसऱ्या पानावर तू त्यांना दरोडेखोर म्हणालीस, तिसऱ्यावर नमस्कार लिहिलायस." मी म्हटलं, माणुसकी कधी सोडू नये.

३० सप्टेंबर

दुकानाकडून उत्तर आलं. मालाचे कागद जोडलेत, शिक्के, सह्या. 'प्रत्यक्ष येऊन भेटल्यास आनंद होईल.' तुमचा आनंद तुमच्यापाशी!

पण आज डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. किराणा दुकानात टोरमूद चार लोकांत म्हणत होता, "माल चांगलाच होता. हात परका होता. आणि बघा, नंबर ठोकला नाही त्याने. का नाही ठोकला? त्याला ठाऊक होतं!"

मी बटाट्यांची पिशवी तिथेच आपटली. म्हटलं, "टोरमूद, दिवसभर राबला तो, आणि तू दिवसभर काय केलंस? कोळंब्या सोलल्यास! लाज नाही वाटत?"

"मी फक्त विचारतोय, गुनवोर."

"विचारायचं तर त्याच्या तोंडावर विचार, बटाट्यांना काय विचारतोस?"

लोक हसले, पण मान डोलावली टोरमूदच्या बाजूनेच. मला दिसलं ते.

तशीच केक घेऊन जुन्या शाळेच्या घरी गेले. रिमान्तास दारात आला. मी म्हटलं, "लोकांचं मनाला लावून घेऊ नकोस रे. तुला जमलं तसं तू केलंस. कुणी नीट शिकवलं नसेल, त्यात तुझा काय दोष? चुका सगळ्यांच्याच हातून होतात, मी तुझ्या बाजूने आहे." त्याच्यामागे भिंतीवर चौकटीत कसकसली प्रमाणपत्रं लावली होती, सात-आठ तरी. त्याने मान लववली. मग म्हणाला, "धन्यवाद, गुनवोर," आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

एवढा धीर दिला तरी माणूस उमलत नाही. कुढा स्वभाव, दुसरं काय.

१५ ऑक्टोबर

नगरपालिकेचा इंजिनिअर आला, जोडांवर टकटक केलं, तळाच्या जोडात सळई खुपसून पाहिली आणि शिडीला लाल-पांढरी पट्टी बांधून गेला. 'वापरास मनाई.' ओस्ना आज दगडांवरून पाण्यात उतरली, दुखऱ्या हाताने शेवाळ धरत. मी वरून पाहत होते.

मग बोट पकडली आणि शहर गाठलं. पोलादाच्या दुकानात काउंटरवर रागना नावाची बाई, चाळिशीची, केस घट्ट बांधलेले. मी बोटीत पाठ केलेलं सगळं ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने. मग एकच विचारलं.

"गॅस कुठला वापरला, काकू?"

काकू! मी काय तिची काकू लागते?

"सगळ्याला चालणारा," मी म्हटलं. "शंभरात अठरा."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "कार्बन डायऑक्साइड अठरा? स्टेनलेसला दोन, फार तर अडीच. जास्त झाला की त्यातलं क्रोम जळतं, कार्बन आत शिरतो. वरून जोड बरा दिसतो. खारं वारं लागलं की गंजतो."

"माझ्या सिंकचे पाय पंधरा वर्षं गंजले नाहीत!"

"सिंकवर समुद्राच्या लाटा येतात का?"

उद्धटपणा बघा! शाळेत शिकून आलेल्या या बायका, हाताला एक चटका नसेल. स्वतःचा माल वाचवायला माझ्या गॅसवर ढकलते. मी म्हटलं, "तो तुझा दोनवाला गॅस दे. छोटा सिलिंडर. तुला खोटं पाडून दाखवते."

"खुशाल पाडा," म्हणाली, आणि वेल्डिंगच्या तारेची छोटी रिळंही दिली, त्याच जातीची.

१८ ऑक्टोबर

पाडते खोटी. उरलेल्या नळाचे चार तुकडे कापले. दोन जोडले माझ्या गॅसवर, दोन तिच्या. मशीन तेच, तार तीच, हात माझाच. तिचा जोड उजळ आला, सोनेरी झाक मारणारा; माझा काळपट. पण दिसण्यावर काय जातं? काळपट तर काळपट. दोन्ही घासले, तारेने बांधले आणि धक्क्याखाली भरती-ओहोटीच्या रेषेवर टांगले. माझ्या तुकड्याला लाल दोरा, तिच्या तुकड्याला निळा.

आस्लाक म्हणाला, "आणि तिचं खरं निघालं तर?"

मी म्हटलं, "तू खुब्याकडे लक्ष दे."

१० नोव्हेंबर

लाल दोऱ्याचा तुकडा रडतोय. जोडावर तपकिरी ठिपके, ओघळ, अगदी शिडीसारखे. निळा चांदीसारखा.

पुसून पाहिले. पुन्हा पाहिले. दोरे बदललेत की काय म्हणून गाठी तपासल्या. गाठी माझ्याच आहेत.

तसेच दोन्ही तुकडे हातात धरून धक्क्यावर बसून राहिले, पार्श्वभाग गार पडेपर्यंत. ॲल्युमिनियम लगेच बोंब मारतं. या स्टेनलेसला काय झालं होतं बोलायला? वीस वर्षं मुकाट सोसलं! मला त्या धातूचाच राग आला. असं कुणी सोसतं का?

११ नोव्हेंबर

आणि त्याचाही राग आला. रिमान्तासचा. ठाऊक होतं तर गप्प का राहिला? मुखवटा फेकून द्यायचा, ओरडायचं, माझ्या हातावर फटका मारायचा!

आस्लाकपाशी हे बोलले. तो पेपर वाचत होता. पेपर खाली न घेताच म्हणाला, "बोलला होता तो. मी तिथेच होतो."

"मग तू का नाही बोललास?"

"तू तीन दिवस आधीपासून सिलिंडर पुसत होतीस."

रात्रीच्या जेवणाला उकडलेला मासा होता, कशालाच चव नव्हती.

३० नोव्हेंबर

सांगायचं तर आहेच. पण आता नाताळच्या बाजाराची तयारी, सगळे गोड मूडमध्ये. नाताळ होऊ दे, मग सांगते. दोन्ही तुकडे शिवणाच्या डब्यात ठेवलेत, बटणांखाली. तसंही शिडी बंदच आहे. चार आठवड्यांनी काय बिघडतं?

टोरमूद आज पुन्हा 'परका हात' म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. बाजारासाठी लोकर घ्यायची होती.

१३ जानेवारी

आज जे ऐकलं त्याने माझी मलाच किळस आली.

योलिता टपालखात्याच्या खिडकीपाशी खोकी पाठवत होती. मोठी खोकी. मी विचारलं, "एवढं काय पाठवतेस गं?"

"घर," ती म्हणाली. "एक फेब्रुवारीला आम्ही वर उत्तरेला जातोय. रिमान्तासला तिकडे मासळीच्या कारखान्यात काम मिळालंय."

"का? इथलं काय वाईट होतं?"

ती माझ्याकडे असं पाहू लागली, जणू मी थट्टा करतेय. मग तिने सांगितलं. टोरमूदचा जावई जहाजकारखान्यात फोरमन आहे. शिडीची गोष्ट जेवणाच्या टेबलावरून तिथे पोचली. ऑक्टोबरपासून रिमान्तासकडून स्टेनलेसचे नळ काढून घेतले. चौदा वर्षांचा अनुभव, सात परीक्षा, आणि माणूस दिवसभर दुसऱ्यांचे जोड ग्राइंडरने घासतोय. परीक्षा पुन्हा द्यायला तयार होता. फोरमन म्हणाला, बघू.

"मग त्याने सांगितलं का नाही कुणाला!" मी म्हटलं. आवाज चढला माझा. "गॅस चुकीचा होता म्हणून सांगायचं ना!"

"सांगितलं होतं," योलिता म्हणाली. "अकरा माणसांसमोर."

मग तिने खोक्याला चिकटपट्टी लावली, टर्रकन.

मी नाताळाचं सामान विणत बसले होते. तो घासत बसला होता.

१४ जानेवारी

सकाळीच टोरमूदकडे गेले, तुकडे टेबलावर ठेवले, सगळं सांगितलं. तो खूप वेळ निळ्या दोऱ्याशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "बरं झालं कळलं. वार्षिक सभेत आपण लिहू की सागरी हवामानामुळे गंज. कुणावरच नको. तो चाललाच आहे, विषय संपला."

"विषय संपला? त्याची रोजी गेली, टोरमूद!"

"कॉफी घे, गुनवोर. इतकी चिडू नकोस. तुला कोणी दोष देणार नाही."

कॉफी घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कॉफी नाकारली, आणि मला काही दुखणं झाल्यासारखी त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

वार्षिक सभा. रिमान्तास सोमवारी गेला. मी बंदरावर गेले होते, पण गाडी बोटीत चढलेली होती. मागच्या काचेतून लेकीने हात हलवला, तिला काय ठाऊक.

शाळेच्या हॉलमध्ये तेवीस माणसं. सहावा विषय: 'शिडीचे नुकसान'. टोरमूदने वाचलं, "कारण: सागरी हवामान. चर्चा?" आणि अध्यक्षाचा लाकडी हातोडा उचलला.

मी उभी राहिले. म्हटलं, "हवामान इथे हजार वर्षांपासून आहे, त्याने काही केलेलं नाही. मी केलंय." दोन्ही तुकडे हातोहात फिरवायला दिले. कुठला गॅस कशाला लागतो ते सांगितलं. रागनाने मला सांगितलं होतं तसंच, वाकडं न बोलता. आणि सांगितलं की सिलिंडर माझा, लेबल त्याने वाचलं, दोनदा नको म्हणाला, आणि मी त्याला वाफलच्या पिठाचं कारण दिलं. आणि नोव्हेंबरापासून मला ठाऊक आहे, हेही सांगितलं.  पाणी प्यावं लागलं.

टोरमूद म्हणाला, "गुनवोर, बस खाली. सगळ्यांना तुझं मन ठाऊक आहे. तुला कोणी दोष देत नाही."

"तेच तर विचारतेय!" मी इतक्या जोरात ओरडले की मागच्या बाकावरचा कुणीतरी जागा झाला. "मला का देत नाही? गॅस माझा, हट्ट माझा, नि मला कोणी दोष देत नाही! त्याला मात्र तुम्ही दिलात, चुंबक न लावता, तुकडा न टांगता, एक प्रश्न न विचारता! का? माझी आजी इथल्या दफनभूमीत पुरलीय म्हणून?"

टोरमूदने हातोडा खाली ठेवला. 

मग ओस्ना उठली. म्हणाली, "मी साच्यापाशी उभी होते. मला ऐकू आलं होतं, नको म्हणालेलं. पण मलाही शिडी आजच हवी होती." आणि बसली. मग आस्लाकने, खुब्यासकट उभं राहून, "मीही ऐकलं होतं," म्हटलं. आणखी दोघे उठले. मग कुणी उठलं नाही, पण माना खाली गेल्या.

चिटणिसाकडून मी शब्दन् शब्द लिहून घेतला: 'स्टेनलेसच्या जोडांना चुकीचा गॅस वापरला गेला. सिलिंडर गुनवोर हेग्गेनेस यांचा. वेल्डरने काम सुरू होण्यापूर्वी दोनदा हरकत घेतली होती. उपस्थितांनी ती ऐकली आणि मानली नाही.' बाजूने अठरा मतं. टोरमूद तटस्थ. तटस्थ! ब्लडप्रेशर काय झालं असेल ते असो.

९ फेब्रुवारी

बोटीने जहाजकारखान्यात गेले. जावईबापूंना त्यांच्या काचेच्या खोलीत ठराव वाचून दाखवला. ते म्हणाले, "ठीक आहे, फाइलला लावतो."

मी म्हटलं, "फाइल गेली खड्ड्यात. तू हे जेवणाच्या खोलीत वाच. जिथे बदनामी झाली तिथे."

"आत्ता सगळे कामावर आहेत, आजी."

"मी थांबते. विणकाम आणलंय."

साडेअकराला त्याने वाचलं. सुरुवातीला पुटपुटला, मी "मोठ्याने!" म्हटलं. एक मोठा दाढीवाला पोलिश वेल्डर टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आम्ही सांगत होतो! रिमान्तासचा जोड गंजत नाही!" आणि मग फोरमनला तिथेच, सगळ्यांदेखत, म्हणावं लागलं की त्याची जागा अजून भरलेली नाही. नव्या कारखान्यालाही पत्र पाठवायचं त्याने कबूल केलं. मी पाकीट आणि तिकीट बरोबर नेलं होतं.

येताना बोटीत राग उतरला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना.

६ मार्च

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं, उद्याच्या टपालाने जाईल. इथे नक्कल ठेवते.

'रिमान्तास,

सोबत ठरावाची प्रत आहे, शिक्क्यासह. ती कुणालाही दाखव, किंवा चुलीत घाल, तुझ्या हक्काची आहे.

सप्टेंबरात केक घेऊन तुझ्या दारात आले होते, आणि तुला कोणी शिकवलं नसेल असं म्हणाले होते. ती आठवण झाली की मी घरात एकटी असले तरी ओंजळीत तोंड लपवावंसं वाटतं. क्षमा मागते. त्या शब्दांची, एप्रिलची, आणि नोव्हेंबरापासून मी गप्प बसले त्याची सगळ्यांत जास्त.

तुझ्यावर रागावलेही होते, खोटं कशाला बोलू. हात धरून थांबवलं का नाहीस म्हणून. मग कळलं, नव्या गावात अकरा माणसांचा हात एकट्याने कसा धरायचा.

कारखाना म्हणतो जागा आहे. तिथे परत यावंसं वाटेल की नाही, मला सांगता येत नाही. मी तुझ्या जागी असते तर कदाचित तिकडे थुंकलेही नसते. शिडी अजून पट्टी बांधून उभी आहे. जोड सगळे घासून काढून नव्याने मारायला हवेत, असं इंजिनिअर म्हणतो. मला तसं करता येईल, हात आहे माझ्याकडे, पण यापुढे त्या शिडीला तू हो म्हटल्याशिवाय कोणी हात लावणार नाही, असं आम्ही सहा जणींनी ठरवलंय. ते श्रमदान नसेल. तुझ्या दराने, तुझ्या दिवशी, आणि गॅस तू सांगशील तो. दुसरा कोणी वेल्डर सुचवलास तर त्याला बोलावू. आणि आमच्या शिडीचं काय व्हायचं ते होवो, असं वाटत असेल, तर तसंच सांग. ओस्ना दगडांवरून उतरते आहे, पण तो विचार तू करू नकोस. तुझा विचार आम्ही केला नव्हता, आमचा आम्ही करू.

योलिताला आणि लेकीला माझा नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर.

लवकर लिही. दोन ओळी पुरे. 'नाही' असेल तर तेवढा एकच शब्द लिही. मी तो धक्क्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचेन.

गुनवोर'